वैमानिक व्हायचंय? मग वैद्यकीय तपासणी आधी समजून घ्या



आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली आता एनडीएचा फॉर्म भरू लागली आहेत, एएफकॅटची परीक्षा देऊ लागली आहेत. ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. सैन्याशी आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीत झाला. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या आजोबा-पणजोबांनी पायदळात नाव काढलं, आता नातवंडांना विमान उडवायचं आहे.

पण अभ्यासात हुशार असलेली, लेखी परीक्षा आणि मुलाखत पार केलेली कितीतरी मुलं शेवटच्या पायरीवर, म्हणजे वैद्यकीय तपासणीत अडकतात. त्यातली काही कारणं जन्मजात असतात, त्याला इलाज नसतो. मात्र काही कारणं अशी असतात की आठवी-नववीत कळली असती तर वेळेवर उपचार झाले असते, किंवा निदान मुलानं दुसरी वाट वेळीच धरली असती. म्हणून या अंकात भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेची वैद्यकीय तपासणी कशी होते, तिथे काय बघतात, का बघतात, आणि घरी बसून आपण आधीच काय तपासू शकतो, हे समजून घेऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करू. सैन्यदलांच्या अधिकारी भरतीत जातीनुसार आरक्षण नाही. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला एनडीएच्या परीक्षेचं शुल्क माफ असतं, पण वय, उंची, नजर यांत सवलत नाही. तिथे तयारीच उपयोगी पडते.

तपासणी केव्हा आणि कुठे होते?

बारावीनंतरचा रस्ता म्हणजे एनडीए. त्यासाठी वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवं. मुलींनाही आता एनडीए खुली आहे. पदवीनंतर एएफकॅट, सीडीएस आणि एनसीसीमार्फतचा रस्ता आहे.

लेखी परीक्षा पास झाल्यावर निवड मंडळाकडे बोलावणं येतं. तिथे काही दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामं आणि मुलाखत होते. वैमानिकासाठी संगणकावर आधारित एक वेगळी चाचणी असते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. एकदा नापास झालं की उड्डाण शाखेचा दरवाजा बंद होतो. म्हणून रात्रभर प्रवास करून, झोप न घेता या चाचणीला बसू नये.

मंडळानं शिफारस केली की मगच वैद्यकीय तपासणी. उड्डाण शाखेसाठी ती मुख्यतः दिल्लीच्या हवाई दल केंद्रीय वैद्यकीय आस्थापनेत किंवा बेंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत होते. तपासणीला साधारण तीन ते पाच दिवस लागतात, कधी जास्तही लागतात. मंडळाचं पत्र आलं की राहण्याची सोय आपली आपण करायची आहे का, हे त्यात नीट वाचावं आणि तेवढे पैसे बाजूला ठेवावेत. तपासणी पास करून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तो ठग आहे हे पक्कं समजावं.

एवढी कडक तपासणी का?

कारण वैमानिकाच्या शरीरावर जो ताण येतो तो जमिनीवरच्या माणसाला कधीच येत नाही. लढाऊ विमान वेगानं वळतं तेव्हा शरीराचं वजन अनेक पटींनी वाढल्यासारखं होतं. नऊ पट भार आला तर साठ किलोच्या माणसाला आपलं शरीर पाचशे चाळीस किलोचं वाटतं. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते. उंचावर हवा विरळ असते, प्राणवायू कमी मिळतो. वर-खाली जाताना हवेचा दाब बदलतो आणि कानाच्या पडद्यावर, नाकाच्या पोकळ्यांवर, अगदी दाताच्या किडक्या खळीतसुद्धा कळ येते. आणि विमान कोसळायला लागलं तर आसनासकट बाहेर फेकलं जाताना पाठीच्या मणक्यांना जबर धक्का बसतो. पुढची प्रत्येक तपासणी यांपैकी कशाशी तरी जोडलेली आहे. हे लक्षात ठेवलं म्हणजे डॉक्टर उगाच त्रास देतात असं वाटत नाही.

१. उंची आणि शरीराची मापं

उड्डाण शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते. पण नुसती उंची पुरत नाही. विमानाची बसायची जागा ठरावीक मापाची असते. पाय पॅडलपर्यंत पोचले पाहिजेत, डोकं वरच्या काचेला लागता कामा नये आणि बाहेर फेकलं जाताना गुडघे पुढच्या पट्टीला आदळता कामा नयेत. म्हणून तीन मापं घेतात. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, बसलेल्या स्थितीतली उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर.

ही मापं घरी भिंतीला टेकून, टेपनं ढोबळमानानं घेता येतात. उंची वाढवणारी पावडर, गोळ्या, यंत्रं यांच्या जाहिरातींवर एक रुपयाही घालवू नका. वाढीच्या वयात पोटभर प्रथिनं, झोप आणि खेळ एवढंच हातात असतं.

वजन उंची आणि वयाच्या तक्त्याप्रमाणे बघतात. फार कमी आणि फार जास्त, दोन्ही चालत नाही. छाती फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. रोज धावणाऱ्या मुलाला हे जड जात नाही.

२. डोळे

सर्वात जास्त मुलं इथे अडतात. म्हणून हा भाग आई-वडिलांनी नीट वाचावा.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता असतो. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे दिसायला हवं ते दिसलं, की ६/६ म्हणतात. वैमानिकाला एका डोळ्यानं ६/६ आणि दुसऱ्या डोळ्यानं निदान ६/९ दिसलं पाहिजे, आणि तो दुसरा डोळाही चष्म्यानं ६/६ पर्यंत आला पाहिजे. ही सूट जवळचं कमी दिसणाऱ्यांसाठी, म्हणजे प्लस नंबरवाल्यांसाठी आहे आणि तीही मर्यादेत. लांबचं कमी दिसणं, म्हणजे मायनस नंबरचा चष्मा, उड्डाण शाखेत चालत नाही.

मायनस नंबर बहुतेक वेळा शाळेच्या वयात सुरू होतो. मूल फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतं, डोळे बारीक करून बघतं. अशी लक्षणं दिसली तर लगेच तपासून घ्या. मूल रोज दिवसाउजेडी मोकळ्यावर खेळलं तर मायनस नंबर लागण्याची शक्यता कमी होते, असं नेत्रतज्ज्ञांचं मत आहे. आपल्या घरांत जागा कमी, उजेड कमी आणि हातात मोबाइल. म्हणून संध्याकाळी मुलांना विहाराच्या अंगणात, मैदानात पाठवणं हे डोळ्यांचं औषधच समजा. पण एक सांगितलंच पाहिजे: नंबर असेल तर वैमानिक होण्याच्या आशेनं मुलाचा चष्मा लपवू नका. चष्मा न लावल्यानं नंबर जात नाही, उलट अभ्यास मागे पडतो.

लेझरच्या शस्त्रक्रियेबद्दल बरेच जण विचारतात. पदवीनंतरच्या प्रवेशात ती काही अटींवर मान्य आहे. शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांनंतर झालेली हवी, तिला किमान १२ महिने होऊन गेलेले हवेत, आणि डोळ्याची लांबी, बुबुळाच्या पडद्याची जाडी, उरलेला नंबर हे सगळं नियमात बसायला हवं. एनडीएचं वयच २० च्या आतलं असल्यामुळे तिथे या शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला कर्ज काढून शस्त्रक्रिया करून आणू नका. आधी चालू वर्षाच्या जाहिरातीतले नियम वाचा, मग नेत्रतज्ज्ञाला विचारा.

दुसरी परीक्षा रंगांची. ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे ओळखायला लावतात, शिवाय दिव्याच्या यंत्रावर लांबून लहानसे लाल, हिरवे, पांढरे ठिपके ओळखायचे असतात. वैमानिकाला यात सर्वात वरचा दर्जा लागतो. रंगांधळेपणा जन्मजात असतो, मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त आढळतो आणि तो आईकडून मुलाकडे येतो. मामाला लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल तर भाच्याची तपासणी जरूर करा. त्यावर औषध नाही. चित्रांचे आकडे पाठ करून जाण्यातही अर्थ नाही, कारण दिव्याचं यंत्र पाठांतराला फसत नाही. ही तपासणी सरकारी रुग्णालयात पाच मिनिटांत होते आणि ती दहावीच्या आत झाली तर कितीतरी वर्षांची धावपळ वाचते.

३. कान, नाक, घसा

डॉक्टर उमेदवाराला सुमारे सहा मीटरवर पाठमोरं उभं करतात आणि कुजबुजलेला शब्द प्रत्येक कानानं वेगवेगळा ऐकू येतो का ते बघतात. नंतर बंद खोलीत यंत्रावर श्रवणचाचणी होते. तीत ऐकण्याची घट २० डेसिबलपेक्षा जास्त असू नये. पडद्याला भोक आहे का, कान वाहतो का, नाक दाबून फुंकर मारल्यावर पडदा हलतो का, नाकाचा मधला पडदा फार वाकडा आहे का, नाकात मांस वाढलं आहे का, हेही बघतात.

आपल्याकडे लहान मुलाचा कान वाहणं ही इतकी नेहमीची गोष्ट झाली आहे की घरातले लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. कुणी तेल सोडतं, कुणी लसणाचा रस घालतं. असं काहीही कानात घालू नका. वारंवार वाहणाऱ्या कानाचा पडदा फाटतो आणि ऐकू कमी येतं. लहानपणीच कान-नाक-घसा डॉक्टरांकडे उपचार झाले तर पडदा वाचतो. पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर ठरावीक काळानंतर, ऐकणं पूर्ववत असेल तर विचार केला जातो. तिचे कागद जपून ठेवा. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभं राहिल्यानं कानाच्या आतल्या नसा कायमच्या जातात, हेही तरुण मंडळांनी ध्यानात घ्यावं.

४. दात

दातांना गुण देतात. पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांना एकेक, मोठ्या दाढांना दोन-दोन. वरचा दात खालच्या दातावर नीट बसला तरच गुण मिळतो. सगळे दात शाबूत असतील तर एकूण २२ गुण होतात आणि किमान १४ लागतात. हिरड्यांतून पू येत असेल, दात हलत असतील तर अडचण येते.

इथे खर्रा, गुटखा, मावा यांचा प्रश्न येतो. दात झिजतात, हिरड्या सडतात आणि काही मुलांचं तर तोंडच दोन बोटांवर उघडत नाही. पंचशीलातलं पाचवं शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. ते तोंडानं म्हणायचं आणि त्याच तोंडात खर्रा भरायचा, हे बरं नव्हे. किडलेली दाढ उपटून टाकण्याआधी ती भरून वाचते का, हे सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. उपटलेल्या प्रत्येक दाढेबरोबर गुण कमी होतात.

५. हाडं, मणका आणि पाय

मानेपासून कमरेपर्यंतच्या मणक्याचा एक्स-रे काढतात. पाठीला बाक, मणका सरकलेला असणं, मणक्याची जन्मजात ठेवण वेगळी असणं, हे सगळं वैमानिकासाठी दोष ठरू शकतं. बाहेरून काही दुखत-खुपत नसलं तरी एक्स-रेत दिसतं आणि उमेदवाराला धक्का बसतो. पण आसनासकट बाहेर पडताना हाच मणका तुटू शकतो, म्हणून डॉक्टर इथे सूट देत नाहीत.

उभं राहून गुडघे जुळवले असता दोन घोट्यांत ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर राहत असेल तर ते अपात्रतेचं कारण होतं. सपाट तळवे, कोपराचा जास्त बाक, बोटं नीट न मिटणं हेही बघतात. ओला पाय फरशीवर उमटवून तळव्याला कमान आहे का ते घरीच कळतं. तळवा पूर्ण सपाट उमटला तर अस्थितज्ज्ञांना दाखवा.

६. हृदय, छाती, पोट आणि लघवी

ईसीजी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्त आणि लघवीची तपासणी होते. रक्तदाब वारंवार १४०/९० च्या वर राहिला तर अडचण येते. भीतीनं पहिल्यांदा दाब वाढतो हे डॉक्टरांना माहीत असतं, ते विश्रांतीनंतर पुन्हा बघतात. त्या सकाळी चहा-कॉफी टाळा आणि रात्री नीट झोपा. सोनोग्राफीत पित्ताशयाचे किंवा मूत्रपिंडाचे खडे दिसले तर उमेदवार अपात्र ठरतो. पाणी कमी पिणाऱ्या, उन्हात काम करणाऱ्या मुलांनी इकडे लक्ष द्यावं.

मुलांमध्ये हर्निया, अंडकोषात पाणी साठणं, तिथल्या शिरा फुगणं, मूळव्याध हे बघतात. हे आजार लाजेनं लपवले जातात. यांतले बहुतेक शस्त्रक्रियेनं बरे होतात, पण शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ जावा लागतो. म्हणून बोलावणं आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा अकरावी-बारावीत दाखवून घ्या. व्यायामशाळेत मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं घेऊ नका. त्यांनी छातीचा भाग स्त्रीसारखा वाढू शकतो आणि तेही अपात्रतेचं कारण आहे.

क्षयरोग होऊन गेलेल्यांनी निराश होऊ नये. उपचार पूर्ण होऊन दोन वर्षांहून अधिक काळ गेला असेल आणि छातीत विशेष खूण उरली नसेल, तर अधिक तपासण्या करून विचार केला जातो. अर्धवट सोडलेला उपचार मात्र फुप्फुसात कायमची खूण ठेवून जातो. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, तो सरकारी दवाखान्यात मोफत आहे. दमा आणि पाच वर्षांच्या वयानंतर आलेली फिट ही मात्र अपात्रतेची कारणं आहेत.

७. रक्त आणि सिकलसेल

हिमोग्लोबिन मुलांचं १३ च्या खाली आणि मुलींचं ११.५ च्या खाली असू नये. आपल्या घरांतल्या मुली इथे हमखास कमी पडतात, कारण घरात सर्वांचं झाल्यावर उरलेलं त्या खातात. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या आणि जंताची गोळी मुलींना घेऊ द्या. हिरव्या भाज्या, हरभरा, मटकी, शेंगदाणे, नाचणी, अंडी, मटण-कलेजी जमेल तसं द्या, भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा देऊ नका. मुलगी शिकली पाहिजे म्हणतो, तशी ती पोटभर जेवलीही पाहिजे.

आता विशेष महत्त्वाचं. विदर्भात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो. तो कुणाच्या पापामुळे, करणीमुळे किंवा नजर लागल्यामुळे होत नाही. आई-वडिलांकडून येणाऱ्या जनुकांमुळे तो होतो. दोन्हीकडून दोष आला तर मूल रुग्ण होतं, एकाकडून आला तर फक्त वाहक. वाहक माणूस रोजच्या जीवनात सहसा ठणठणीत असतो. पण प्राणवायू कमी असलेल्या उंचीवर वाहकाच्या रक्तपेशींनाही त्रास होऊ शकतो. हवाई दलाच्या नियमांत सिकलसेल आजार आणि थॅलेसेमिया अपात्रतेच्या यादीत आहेत, त्यात थॅलेसेमियाचं वाहक असणंही धरलं आहे. म्हणून सिकलसेलच्या वाहकानं वैमानिकाचा बेत आखण्याआधी आपला अहवाल घेऊन तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या रक्ताची साधी चाचणी होते आणि गरज पडली तर पुढची पक्की चाचणी मोठ्या रुग्णालयात होते. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली आहे. ही तपासणी प्रत्येक मुला-मुलीची व्हावी. नोकरीसाठी तर व्हावीच, पण लग्नासाठी त्याहून जास्त. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिकेला आपण केव्हाच रजा दिली आहे, तिच्या जागी सिकलसेलचा अहवाल बघू. आणि सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या देऊ नका.

८. त्वचा आणि गोंदण

त्वचेचे जुनाट रोग बघतात. नायटा-गजकर्ण असेल तर मेडिकलच्या दुकानातून कुठलंही मलम आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडून पूर्ण बरं करून घ्या.

गोंदणाबद्दल स्पष्ट नियम आहे. कायमचं गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेमुळे वेगळी तरतूद आहे. आपली मुलं प्रेमानं मानेवर, छातीवर, दंडावर 'जय भीम' किंवा बाबासाहेबांचं चित्र गोंदवून घेतात. भावना मोलाची आहे. पण त्यापायी अधिकाऱ्याच्या गणवेशाची संधी गेली तर बाबासाहेबांना ते आवडलं नसतं. सैन्यात जायचं असेल तर गोंदण टाळा.

मुलींसाठी थोडं अधिक

२०१६ साली भावना कांत, अवनी चतुर्वेदी आणि मोहना सिंह या लढाऊ विमानांच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. मुलींची स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी होते. पाळीच्या तक्रारी असतील तर आईनं त्या लपवायला लावू नयेत, आधीच उपचार करावेत. तपासणीत मुलाला किंवा मुलीला अंगावरचे कपडे उतरवावे लागतात, हे आधी सांगून ठेवा म्हणजे तिथे गोंधळायला होत नाही. मुलीच्या तपासणीच्या वेळी महिला कर्मचारी हजर असावी असं मागण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

फॉर्म भरताना खरं बोला

तपासणीआधी एक अर्ज भरून घेतात. पूर्वी कोणते आजार झाले, शस्त्रक्रिया झाली का, घरात कुणाला फिट, मधुमेह, मानसिक आजार आहे का, असे प्रश्न असतात. पुष्कळ जण सल्ला देतात की काही लिहू नकोस. असा सल्ला ऐकू नका. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, आणि इथे ते पाळण्यात मुलाचं हितही आहे. लपवलेला आजार नंतर उघड झाला तर प्रशिक्षणातून काढून टाकतात. आणि आकाशात फिट आली किंवा भोवळ आली, तर वैमानिकाबरोबर इतरांचाही जीव जातो.

जुन्या शस्त्रक्रियांची डिस्चार्ज कार्डं, एक्स-रे, अहवाल, ओळखपत्र, फोटो आणि बोलावण्याचं पत्र एका फाइलमध्ये ठेवा. रक्त आणि सोनोग्राफीसाठी उपाशी यायला किंवा पाणी पिऊन यायला सांगतात, ती सूचना तंतोतंत पाळा. अंघोळ, नखं, केस, कान स्वच्छ हवेत. कानातला मळ काडीनं काढू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.

निकालानंतर

निकाल तीन प्रकारचा असू शकतो: पात्र, तात्पुरता अपात्र किंवा कायम अपात्र. तात्पुरत्या अपात्रतेत वजन, कानातला मळ, बरा होणारा आजार अशी कारणं असतात. अपात्र ठरवल्यास कारण लिहून मिळतं आणि अपील करता येतं. अपिलाच्या मंडळापुढची तपासणी साधारण ४२ दिवसांच्या आत व्हावी लागते. त्यामुळे कागद हातात पडला की रडत गावी न येता तिथेच पुढची तारीख आणि रुग्णालय विचारून घ्या. मधल्या काळात सरकारी रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडून त्याच दोषाची तपासणी करून घ्या. मुलं घाबरून किंवा पैशांच्या अडचणीमुळे अपील करत नाहीत. अशा वेळी विहार समितीनं, महिला मंडळानं प्रवासखर्चाला हातभार लावावा. वर्गणी गोळा करायला याहून चांगलं कारण नाही.

पात्र ठरलं म्हणजे निवड झाली असंही समजू नका. त्यानंतर गुणवत्ता यादी लागते. यादीत नाव येईपर्यंत पेढे वाटू नका आणि अभ्यास थांबवू नका.

आणि शेवटी अपात्रच ठरलं तर? वैमानिकासाठी अपात्र म्हणजे माणूस म्हणून कमी, असं अजिबात नाही. चष्मा असलेल्या मुलाला हवाई दलाच्याच जमिनीवरच्या शाखांत, तांत्रिक, हवामान, लेखा, शिक्षण अशा विभागांत वेगळे निकष असतात. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला मर्यादेत चष्मा चालतो. उत्तर प्रदेशात फुरसतगंज इथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथल्या प्रवेशाची माहिती घ्या. घरातल्यांनी मुलाला टोमणे मारू नयेत आणि ताईत-अंगाऱ्याच्या मागेही लागू नये. तथागतांनी कारण शोधायला शिकवलं आहे. कारण कळलं की पुढची वाट दिसते.

घरी आजच करण्यासारखं

आठवी ते दहावीतल्या प्रत्येक मुला-मुलीची नजर, रंगओळख, कान, दात, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या सहा तपासण्या करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते मोफत तपासतं आणि पुढच्या उपचारांसाठी पाठवतं. पथक आलं त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत मुलांना आणि नाशिकच्या संस्थेत मुलींना एनडीएची तयारी राज्य सरकार करवून घेतं. तिची प्रवेश परीक्षा दहावीच्या वर्षातच असते, म्हणून नववीपासून चौकशी करा. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, तेव्हा फॉर्म भरताना त्या वर्षीची जाहिरात शेवटपर्यंत वाचा.

येत्या पौर्णिमेला आपल्या विहारात एक साधा उपक्रम घेता येईल. वंदनेनंतर भिंतीवर नजरेचा तक्ता लावा, सहा मीटरवर खडूनं रेघ ओढा आणि वस्तीतल्या सगळ्या मुलांची नजर एकेका डोळ्यानं तपासा. ज्यांना कमी दिसतं त्यांची यादी करून दुसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर सरकारी रुग्णालयात पाठवा. त्यातलं एखादं मूल वैमानिक होईल, न होईल. पण फळ्यावरचं सगळ्यांना दिसेल, एवढं नक्की.

नमो बुद्धाय, जय भीम.